करडीच्या बोडीतलं शिवणीचं लाकूड

भंडाऱ्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, "तिकडं कोण असतं तुमचं?" कोणी नसतं. आम्ही लाकूड आणायला गेलो होतो. हे सांगितलं की दुसरा प्रश्न, "का, इथल्या वखारी जळाल्या काय?" सव्वा वर्ष झालं तरी विचारणाऱ्या थकत नाहीत. प्रत्येकीला पायरीवर उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून बसले आहे. लाकडाचं सांगेनच, पण वाटेत खाल्लं, पाहिलं, फजिती झाली तेही सांगेन. आमच्याकडचं कोणी उठून तिकडं जाईल, असं काही दिसत नाही.

आधी यंत्राचं सांगते, म्हणजे पुढं घोळ नको. आमच्या ह्यांचा लेथचा लहानसा कारखाना आहे, पंपाचे भाग करतात. काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं आणि तेव्हापासून शेडच्या मागच्या अंगाला जायरोप्लेन बांधताहेत. ते विमान नव्हे आणि हेलिकॉप्टरही नव्हे. एका माणसाची खुर्ची, पाठीमागं इंजिन आणि ढकलणारा पंखा, डोक्यावर दोन लांब पात्यांचा मोठा पंखा. गंमत अशी की वरच्या पंख्याला इंजिन जोडलेलंच नसतं. यंत्र पुढं पळालं की वाऱ्यानं तो आपोआप गरगरतो आणि सगळ्या लवाजम्याला उचलतो. निदान मासिकात तसं लिहिलंय.

इंजिन मुंबईच्या भंगारवाल्याकडून आलं, चाकं स्कूटरची, खुर्ची बंद पडलेल्या थिएटरातली. गाडं अडलं ते पात्यांपाशी. देवदाराची केली, ती पावसाळ्यात पिळवटली. तीच तासून, वजनं लावून, दसऱ्याच्या दिवशी माळावर यंत्र जीपमागं दोरानं ओढून बघितलं. उडायचं नव्हतं, नुसता पंखा फिरतो का ते बघायचं होतं. फिरला. मग सगळं यंत्र थरथरायला लागलं, एक पातं तुटून लांब बाभळीत जाऊन अडकलं आणि पंख्याखालचा दांडा खुर्चीतल्या ह्यांच्या कपाळावर बसला. मी तिथंच उभी होते. चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय आणि हे मला म्हणतात काय, "फिरला की नाही पण?"

टाके पडले, ते सुटले. मी काही बोलले नाही. ह्यांनी मात्र ठरवलं की आता एकाच ओंडक्यातून दोन जुळी पाती काढायची, आणि लाकूड हलकं पण न पिळवटणारं पाहिजे. कोणी शिवणीच्या झाडाचं नाव सांगितलं, कोणी भंडारा जिल्ह्याचं. "हा शेवटचा प्रयत्न," म्हणाले. "नाही मिळालं तर ताडपत्री टाकून ठेवतो, पुन्हा नाव काढणार नाही." मी लगेच म्हटलं, "मीपण येते." ह्यांना वाटलं बायकोला हौस आली. मी निघाले होते ती लाकूड मिळू नये म्हणून देव पाण्यात घालून.

शहापूर, मग भंडारा

हिवाळा होता, आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा. नागपूरपर्यंतच्या रेल्वेचं रडगाणं गात नाही. तिथून एस.टी. धरली, ती शहापूरला हमरस्त्यावर पंक्चर होऊन बसली. आमच्याकडं अशा वेळी कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. इथं सगळी बस शांतपणे खाली उतरली आणि टपरीवर आलूबोंडा खायला लागली. बोंडा बशीत फोडून वर लालभडक तर्री ओततात. पहिल्याच घासाला ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. शेजारचे एक म्हातारबा मला म्हणाले, "गाडी थकली जी. दम घेऊन राहिली. तुमी बी घ्या." घेतला.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. सकाळी गल्लीत शिरलं की ठोक्यांनी कान किटतात. ह्यांना लाकडाइतकंच दुसरं एक काम होतं. वरचा पंखा ज्या बोल्टवर झुलतो, त्याच्यासाठी पितळी बुश हवा होता, म्हणजे जाडजूड बांगडीसारखा गोल तुकडा. तो ओतून घ्यायला आम्ही एका कासारबुवांच्या दुकानी गेलो. त्यांनी नमुना उलटसुलट करून बघितला.

"कायच्या भांड्याचं हाये हे?"

"भांड्याचं नाही, उडायच्या यंत्राचं."

"असन बापा," कासारबुवा म्हणाले, "नाव सांगा."

ह्यांना वाटलं पावतीसाठी विचारताहेत. नाव, गाव सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी गेलो तर बुश तयार. ओतकाम सुरेख, सोन्यासारखी झळाळी. आणि बाहेरच्या गुळगुळीत अंगावर, जिथं केसाएवढीसुद्धा रेघ चालत नाही तिथं, ठिपक्या ठिपक्यांनी ह्यांचं अख्खं नाव, आडनाव, पुढं "सांगली" आणि शेवटी एक फूल!

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना, पदर तोंडात धरला. कासारबुवांना कळेचना काय चुकलं ते.

"नाव नाई टाकाचं तं मंग चोरीले गेल्यावर वळखाचं कसं?"

त्यांच्या दुकानातून म्हणे आजवर बिननावाचं काही बाहेर पडलेलंच नव्हतं. दुसरा बुश ओतायला त्यांनी कुरकुर केली नाही, पण तो कोराच हातात देताना त्यांना जरा लाज वाटत होती. पहिलाही देऊन टाकला. तो आता आमच्या देवघरात निरांजनाखाली बसतो, आणि फार शोभतो.

वखारी सगळ्या पालथ्या घातल्या. साग होता हवा तितका, बीजा होता. लांब, सरळ, बिनगाठीची शिवण मात्र कुठंच नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या आणि तोंडावर मी "अरेरे" म्हणत होते. शेवटच्या वखारवाल्यानं माझ्या आनंदावर पाणी टाकलं, "मोहाडीले पाहा एक डाव."

मोहाडी

मोहाडीचं नाव मोठं, पण जीव लहान. आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस निघाला. धानाची कापणी, मळणी उरकलेली, त्यामुळं माणसं निवांत. आमच्याकडच्या बाजारात ज्वारीची पोती तशी इथं तांदळाची, आणि एकेका तांदळाचं नाव घेऊन बायका हुज्जत घालताहेत. टोपल्यांत तलावातले सुकवलेले झिंगे. खानावळीत बसलो तर वाढप्यानं विचारलं, "भात आनू का भात?" मी म्हटलं, "भाकरी नाही?" तो म्हणाला, "तब्येत बरी नाई का बाई?" तिकडं आजाऱ्यालाही पेज देतात, तेव्हा हे त्याच्या कुठून डोक्यात आलं देव जाणे, पण मी मुकाट्यानं भात खाल्ला. वरण चांगलं होतं.

जेवून चौंडेश्वरीच्या देवळात गेलो. हे हात जोडून माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी काय मागितलं ते सांगायला नको. मी डोळे मिटून म्हटलं, "आई, तुझ्या गावात शिवण नसू दे." एकाच देवीपुढं नवराबायकोनं अशी उलटसुलट मागणी घातली, तिचीसुद्धा पंचाईतच झाली असेल.

देवीनं ह्यांचं ऐकलं. आरागिरणीच्या मालकानं आमचं म्हणणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, लगेच म्हणाला, "करडीच्या सोमाजीकडे हाये ना! बोडीत टाकून हाये कित्येक सालापासून. सीधा एकदम, काडीसारखा." बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तिकडं धानाला पाणी द्यायला ज्याची त्याची बोडी असते. चांगलं लाकूड त्या पाण्याखाली, चिखलात वर्षानुवर्षं बुडवून ठेवायचं. त्याचा रस निघून जातो, मग त्याला कीड लागत नाही आणि ते वाकत नाही, असं त्यानं सांगितलं. हे ऐकून ह्यांचे डोळे लकाकले.

करडी

करडीला जायला वैनगंगा ओलांडावी लागते. डोंग्यातून गेलो. पाणी संथ, काठाला धुकं, आणि नावाडी इतका गप्प की मलाच त्याच्या वाटचं बोलावं लागलं. पलीकडं गिरणीवाल्याच्या निरोपावरून सोमाजींनी रेंगी पाठवली होती, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. बैल जातिवंत, पळायला बघत होते. एका वळणावर ह्यांची टोपी, पिशवी आणि हे स्वतः असे तिन्ही जिन्नस खाली गेले. लागलं काही नाही. गाडीवानानं मागं वळून न बघता विचारलं, "पडले का जी?" आणि बैल आवरले.

सोमाजी साठीच्या पुढचे, सडसडीत, दिवसाला चार वाक्यं बोलणारे. बोलण्याचं खातं त्यांच्या बायकोकडं, पार्बताबाईंकडं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि लगेच चौकशी सुरू. लेकरं किती, सासू आहे का, भाकरी खाऊन पोट भरते का. जेवायला भात, लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा. धान कापलं की त्याच ओलीवर लाखोळी आपली आपण वाढते, तिचे शेंडे खुडायचे. ती भाजी मी तीनदा मागून घेतली. आमच्याकडच्या हरभऱ्याच्या भाजीहून मऊ, आणि चवीला जरा गोडसर.

लाकूड कशासाठी ठेवलं होतं ते जेवतानाच कळलं. थोरल्या मुलाच्या घराची दारं, खाट आणि पुढं लागेल तो पाळणा, असं सगळं त्यातून व्हायचं होतं. मुलगा भिलाईला नोकरीला लागला. तिथं त्याला पक्कं घर मिळालं, लोखंडी खाट मिळाली.

"त्याले कायले पायजे आता शिवन?" पार्बताबाई म्हणाल्या. "कोनाच्या तरी कामी पडू द्या. पान्यात राहून राहून माझ्या बी डोक्शात राहिली ते."

व्यवहाराचं बोलणं सोमाजी आणि हे बांधावर बसून उरकून आले. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही सगळे बोडीवर गेलो. सोमाजी, गाडीवान आणि शेजारचे दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. हेही पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि पाणी कमरेला आल्यावर दुमडल्याचा काही उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं. दोर लावले, पहारी लावल्या, "हां, हां, अजून" असं चाललं, आणि चिखल सोडून ते लाकूड हळूच वर आलं. काळंभोर, लांबलचक. त्याचं एक टोक काठाला टेकलं. ह्यांनी त्यावरून हात फिरवला, चिखल पुसला, नखानं टोकरून बघितलं. आतून पिवळसर, सरळ रेषा. मग नुसते डोळे भरून बघत राहिले. लग्नात माझ्याकडं असं बघितलं असतं तर मी धन्य झाले असते.

मला कळून चुकलं की हेच ते. ताडपत्री आता पडत नाही.

तेवढ्यात पार्बताबाईंनी हळदीकुंकवाची वाटी माझ्या हातात दिली.

"घ्या वो बाई. लावा त्याले, आन सांगा."

"काय सांगू?"

"तुमच्या घरी जाऊन थे का होनार, ते. लाकूड बोडीतून काहाडलं का ज्या घरी जाते त्या घरच्या बाईनं सांगा लागते त्याले. आमच्या घरचा रिवाज हाये. मी टाकतावक्ती सांगतलं होतं, तू दार होशीन, पारना होशीन म्हनून. आता तुमी नवीन सांगा. त्याबगर पुरं बाहेर नाई ओढत."

माणसं पाण्यात उभी, हातात ताणलेले दोर. थंडीचे दिवस, त्यांचे ओठ निळे पडत चाललेले. मी वाटी घेऊन पुढं झाले. वाकले. सोपं होतं हो, एक वाक्य म्हणायचं होतं. तू माझ्या नवऱ्याच्या यंत्राची पाती होशील. मी तोंड उघडलं आणि माझ्यासमोर ती बाभळ आली, तिच्यात अडकलेलं पातं, आणि ह्यांचं कपाळ.

"सांग ना," हे पाण्यातून म्हणाले.

"नाही सांगता येत," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मला नकोय हे लाकूड. सांगलीहून निघाल्यापासून नकोय. मी देवीला नवस बोलत आलेय मिळू नये म्हणून. तुम्ही त्या खुर्चीत बसणार, आणि मी खाली उभी राहून बघणार. मला नाही बघता यायचं."

एवढ्या परक्या माणसांत मी जन्मात अशी बोलले नव्हते. ह्यांचा हात लाकडावर होता तो त्यांनी काढून घेतला. सोमाजींनी एकदा आमच्याकडं बघितलं, मग दोराकडं, आणि त्यांचं त्या दिवसाचं एक वाक्य खर्च केलं. "सोडू का मंग?"

"सोडा," हे म्हणाले. अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाले. चिडून नव्हे.

पार्बताबाई मात्र माझ्यापाशी येऊन उकिडव्या बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. "काहून रडता वो माय? खोटं सांगा असं कोन म्हनते? जे मनात असन थेच सांगा त्याले. मर्जी नाई तं मर्जी नाई म्हना. मले बी कोठं वाटत होतं पोट्टा भिलाईले जावा म्हनून?"

मी डोळे पुसले. ह्यांच्याकडं बघितलं. थंडीनं कुडकुडत उभे होते, आणि "सोडा" म्हणाल्यानंतर लाकडाकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. माझ्याकडंच बघत होते. मी हळदीत बोट बुडवलं.

"तू पाती होणार आहेस," मी लाकडाला म्हटलं. "माझी मर्जी नाही. मला तुझी भीती वाटते. पण होणारच असशील तर एक ऐक. ह्यांना वर नेशील तितक्या वेळा खाली आणून माझ्या दारात सोड." आणि कुंकू लावलं. ओल्या लाकडावर ते पसरलं, पार्बताबाई म्हणाल्या चालते.

"वढा रे!" सोमाजी ओरडले.

परत

त्याच दिवशी लाकूड नदीवर आणलं, दोन डोंग्यांच्या मधे बांधून पलीकडं नेलं आणि मोहाडीच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघं काठावर त्याच्याशेजारी बसलो. पुढं आरागिरणीत ते फाडलं, वनखात्याचा वाहतुकीचा पास काढण्यात दिवस मोडले, ट्रकवाल्यानं नागपूरला दगा दिला, ते सगळं गाळते. काठावरचं तेवढं सांगते.

ह्यांनी पॅंटवरचा चिखल झटकला. मग म्हणाले, "एवढी भीती वाटत होती, तर घरी का नाही बोललीस?"

"लाकडापुढं उभं केलं म्हणून बोलले. तुम्ही कधी विचारलंत?"

ह्यांनी खाली बघितलं. आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली होती. साडी कुठली घेऊ, आमटीत गूळ किती, सगळं मला विचारतात बिचारे. हे नव्हतं विचारलं. माझ्याकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "आता विचारतो. उडवू का गं?"

खरं सांगते, तेव्हा मी "नको" म्हटलं असतं तर ते लाकडाच्या खाटा करून मोकळे झाले असते. ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि ते दिसलं म्हणूनच "नको" म्हणवेना. "हो" म्हणायचीही तयारी नव्हती. मी म्हटलं, "आधी लाकूड वाळू तर द्या. वाळलं की मी सांगेन."

"तू सांग," ते म्हणाले. "तोवर मी हात लावत नाही."

फळ्या शेडमध्ये सावलीला, एकीवर एक पट्ट्या घालून रचल्या. ह्यांनी शब्द पाळला. पंपाचे भाग करत राहिले, यंत्रावरची धूळ पुसत राहिले, फळ्यांपाशी गेले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. लाकडातलं मला काय कळतं? पण दर महिन्याला जाऊन मी तळवा टेकवून बघायची. आधी गार लागायचं, मग कमी गार. संक्रांतीनंतर गार लागेनासं झालं. तरी मी गप्पच राहिले. माघ गेला, होळी झाली.

परवा जेवताना मीच म्हटलं, "लाकूड वाळलंय."

घास तोंडाशी नेता नेता ह्यांचा हात थांबला. "नक्की?"

"मी सांगतेय ना."

मला वाटलं होतं, ताटावरून उठून पळतील. नाही पळाले. भाकरी संपवली, ताक प्यायले, हात धुतले. मग दारात थांबून माझ्यासाठी हात पुढं केला, आणि आम्ही शेडकडं गेलो.